गोराईच्या वाडीतली नाताळची झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की वाडीचा फोन सकाळी सातला सुरू होतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि चिखलाच्या हाताने फोन धरून उत्तरं नीट देता येत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. मी लिहायला बसले की बाबा मागे खुर्ची टाकून "हेही लिही" म्हणत बसतात.

मुंबईत खरं ख्रिसमस ट्री उगवतं का?

परदेशी कार्डावर बर्फात उभं असतं ते फर किंवा स्प्रूस तुमच्या मनात असेल, तर नाही. त्या झाडांना कडक हिवाळा लागतो. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे पारा १५-१६ अंशांवर आला की आपण ट्रंकेतून स्वेटर काढतो, पण फरच्या लेखी ही थंडीच नव्हे. अमेरिका-युरोपात त्यांची शेती असते. रोपं जमिनीत रांगेने लावतात, दर उन्हाळ्यात छाटून त्रिकोणी आकार देतात आणि सहा-सात फुटी झाड व्हायला साधारण सात-आठ वर्षं थांबतात. मग बुंध्यात कापून विकतात. युरोपात फार चालणाऱ्या नॉर्डमन फरचं बरंचसं बी जॉर्जिया देशातल्या राचा भागातून येतं. तिथले लोक उंच झाडांवर चढून शंकू तोडतात.

आमच्याकडे आहे ते अरोकेरिया. सरळ खोड, ठरावीक अंतरावर चहूबाजूंनी निघालेल्या आडव्या फांद्यांचे थर, आणि मऊ, सुईसारखी पानं. याचे दोन प्रकार बाजारात फिरतात. एक मूळचा प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटाचा, दुसरा तिथून उत्तरेला असलेल्या न्यू कॅलेडोनियाचा. रोप लहान असताना दोन्ही इतकी सारखी दिसतात की नर्सऱ्यांमध्ये सर्रास एकाच नावाने विकली जातात. दोन्ही उष्ण, दमट, समुद्राकाठच्या हवेतली, त्यामुळे मुंबई त्यांना परकी वाटत नाही. आम्ही ती कापत नाही. कुंडीसकट, मुळांसकट देतो.

गोराईतच का? खारा वारा झाडांना चालतो?

वाडी आजोबांपासून इथेच आहे, हे खरं कारण. पण अरोकेरियाला खारा वारा चालतो हेही खरं. आमच्या कुंपणाला आंब्याची पानं वाऱ्याच्या बाजूने करपतात, त्याच रांगेतली अरोकेरिया हिरवीगार असतात. मात्र खारा वारा वेगळा आणि खारं पाणी वेगळं. एप्रिल-मेमध्ये खाडीजवळच्या विहिरी मचूळ होतात. ते पाणी सतत कुंडीत गेलं की पानांची टोकं तपकिरी पडतात आणि मुळं खराब होतात. म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवतो. ते उन्हाळ्यात फक्त लहान रोपांना मिळतं, घरच्यांनाही त्यातून बादलीभर मागावं लागतं.

डिसेंबर सोडून वर्षभर तुम्ही काय करता?

हा प्रश्न हसत हसत विचारला जातो. उत्तर ऐकायला चहा घेऊन बसा.

जानेवारी हा आमचा दवाखान्याचा महिना. भाड्याने गेलेली झाडं परत येतात. कुणी तीन आठवडे एसीखाली ठेवलेलं असतं, कुणी रोज लोटाभर पाणी ओतून कुंडीची डबकी केलेली असते, एखाद्याच्या फांदीवर अजून कापसाचा बर्फ चिकटलेला असतो. ही झाडं थेट उन्हात ठेवली तर भाजतात, म्हणून आधी आंब्याच्या सावलीत, मग शेडनेटखाली, मग उघड्यावर, असं हळूहळू बाहेर आणतो. काकी प्रत्येक झाड उपडं करून मुळं बघते. पांढरी असली तर झाड ठणठणीत. काळी, बोटाने सालपट सुटणारी असली तर मूळकूज लागली, ते झाड बाजूला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंड्या बदलतो. मुळांनी कुंडी भरली की झाड वाढायचं थांबतं, त्याला एक-दोन इंच मोठी कुंडी द्यायची. एकदम मोठी दिली तर माती ओली राहते आणि मुळं सडतात. माती घरीच कालवतो: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. नवी रोपंही याच दिवसांत येतात. ती आम्ही बियांपासून करत नाही. अरोकेरियाचं बी फार दिवस टिकत नाही आणि आपल्याकडे चांगलं बी मिळणं अवघड. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचा नर्सऱ्यांचा मोठा पट्टा आहे, तिथून वीतभर उंचीची रोपं ट्रकने मागवतो. वाडीत पोचल्यावर ती पंधरवडाभर मान टाकून असतात.

एप्रिल-मेमध्ये शेडनेट ताणायचं, दोन वेळा पाणी, आणि आभाळाकडे लक्ष. पूर्वी मे महिना म्हणजे आंबे आणि पाहुणे. आता वादळाची धास्तीही असते. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं, कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. आमचं शेडनेट शेजारच्या ताडावर जाऊन अडकलं. तेव्हापासून इशारा आला की उंच झाडं रांगेतच जमिनीवर आडवी निजवतो, कुंड्या एकमेकींना दोरीने बांधतो आणि नेट स्वतःहून उतरवून ठेवतो.

जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. मुंबईत वर्षाला साधारण दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. अरोकेरियाला ओलावा आवडतो, पण साचलेलं पाणी मारतं. पहिल्या पावसाआधी सगळ्या कुंड्या विटांवर चढवायच्या, खालची भोकं सळईने मोकळी करायची, वाफ्यांमधले चर खाडीच्या उताराला जोडायचे. जुलैत सलग आठवडाभर ऊन दिसत नाही तेव्हा बुरशी येते. पाऊस उघडला की १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतो: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पिंपांत विरघळवून मग एकत्र करायचे, धातूचं भांडं वापरायचं नाही. फवारून दोन तास झाले की पुन्हा पाऊस येतो, हे ठरलेलं.

याच पावसात झाड सर्वांत जास्त वाढतं. ऑगस्टमध्ये शेंड्याला नवा, पोपटी थर फुटलेला दिसला की बाबा रोज सकाळी रांगांमधून नुसते फिरून येतात. त्यांना काही काम नसतं तिथे.

सप्टेंबरात मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची जत्रा. वांद्र्याला जाऊन मेणबत्ती लावून आलो की घरात नाताळचा हिशेब सुरू होतो: किती झाडं विक्रीजोगी, किती अजून वर्षभर थांबवायची. ऑक्टोबरात आगेरा, म्हणजे आमचा सुगीचा सण, आणि पाठोपाठ तो कुप्रसिद्ध उकाडा. पाऊस गेला म्हणून पाण्याचा हात आखडला तर पंधरा दिवसांत चार महिन्यांची वाढ फुकट जाते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीडही याच वेळी येते. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारतो. फांदीच्या बेचक्यात कीड घट्ट बसली असेल तर जुन्या टूथब्रशने काढावी लागते. हे काम घरातल्या मुलांचं, दर झाडामागे पैसे ठरलेले असतात आणि दरवर्षी दर वाढवून मागतात.

नोव्हेंबरात निवड. प्रत्येक झाड बाहेर काढून, फिरवून बघायचं, सुकलेली पानं काढायची, कुंडी घासायची, उंचीप्रमाणे रांगा लावायच्या. मग डिसेंबर. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तेव्हा आम्ही नुसते धावत असतो.

दोन फुटी झाड किती वर्षांचं असतं?

आमच्याकडचं साधारण तीन-चार वर्षांचं. पाच फुटी हवं असेल तर त्याच्या दुप्पट धरा. कुंडीतलं अरोकेरिया वर्षाला वीतभर, फार तर फूटभर वाढतं, आणि घाईने खत घातलं तर थरांमधलं अंतर लांबून झाड विरळ दिसतं.

मग भाव उंचीवर का नाही?

कारण चार फुटी पण तीनच थरांचं झाड सजवलं तरी उघडंबोडकं दिसतं, आणि अडीच फुटी, सहा थरांचं भरगच्च झाड कोपरा भरून टाकतं. आम्ही थर मोजतो, खोड सरळ आहे का बघतो, तळाचा थर शाबूत आहे का बघतो. भाव नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरतो आणि २४ डिसेंबर सोडला तर नाताळपर्यंत बदलत नाही. घासाघीस बाबांशी करू नका, ते लगेच कमी करतात आणि मग घरात भांडणं होतात.

माझं झाड एका बाजूला कललंय. वाकडंच दिलंत का?

घरात कललं असेल तर ते उजेडाकडे चाललंय. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवा, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखा उजेड मिळेल. आम्ही वाडीतही हेच करतो आणि शेकडो कुंड्या फिरवून पाठ धरते.

पण जमिनीत मोठी झालेली काही अरोकेरिया मोकळ्या आभाळाखालीही कलतात आणि त्याची गोष्ट मजेदार आहे. न्यू कॅलेडोनियाचा जो प्रकार आहे, त्याची झाडं जगभरात विषुववृत्ताच्या दिशेने झुकतात. २०१७ साली संशोधकांनी पाच खंडांतल्या झाडांची मोजणी करून हे मांडलं. उत्तर गोलार्धात झुकाव दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब तितका जास्त. सरासरी साधारण आठ अंश. मुंबईत एखाद्या जुन्या बंगल्याच्या किंवा चर्चच्या आवारात असं कललेलं उंच झाड दिसलं तर दक्षिण कुठे आहे ते ताडून बघा.

फांदी लावून नवं झाड होतं का?

बाजूची फांदी लावली तर मूळ धरेलही, पण ती जन्मभर आडवीच वाढते, तिचं सरळ झाड होत नाही. उभं झाड हवं असेल तर शेंडाच लावावा लागतो, आणि शेंडा कापला की मूळ झाडाचा आकार गेला. त्यामुळे कुणी "स्वस्तात कलम करून देतो" म्हणालं तर कशाचं केलंय ते विचारा.

याच कारणाने झाड नेताना शेंडा सांभाळा. टॅक्सीच्या दरवाज्यात, लिफ्टच्या जाळीत, छताच्या पंख्यात, सगळीकडे शेंडेच मोडतात.

गोल्डन सायप्रस, मोरपंखी, सुरू यांतलं काही चालेल का?

गोल्डन सायप्रस म्हणजे ते पोपटी-पिवळं, लिंबासारखा वास येणारं, शंकूच्या आकाराचं रोप. डिसेंबरात फार देखणं दिसतं. थंड हवेच्या ठिकाणाहून येतं आणि मुंबईचा मार्च-एप्रिल सहसा पाहत नाही. फुलांचा गुच्छ घेतल्यासारखं घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. पण पुढच्या नाताळला तेच सजवू म्हणून घेत असाल तर आम्ही विकत नाही, यातच काय ते समजा.

मोरपंखी चिवट असते, गच्चीत वर्षानुवर्षं राहते. तिला आडव्या फांद्यांचे थर नसतात, त्यामुळे गोळे-घंटा टांगायला जागा कमी, पण दिव्यांची माळ गुंडाळली तर छान दिसते.

सुरू ही आपल्या किनाऱ्याची जुनी सोय. आमच्या आजीच्या वेळी गावात नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी, वाळूने भरलेल्या डब्यात रोवलेली. गंमत म्हणजे सुरू दिसतो पाइनसारखा, पण तो त्या कुळातला नाही. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या त्याच्या बारीक, सांधे असलेल्या डहाळ्या, पानं सांध्यांवर डोळ्याला दिसणार नाहीत इतकी छोटी. आता मात्र समुद्रकाठच्या सुरूला हात लावू नका. ती झाडं वाळू धरून ठेवायला लावलेली आहेत, आणि परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे.

घरी आणल्यावर काळजी कशी घ्यायची?

पाणी: दर किती दिवसांनी, असं विचारू नका. बोट पेरभर मातीत घाला. कोरडं लागलं तर कुंडीखालून पाणी निथळेपर्यंत घाला, ओलं लागलं तर घालू नका. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पाण्यावाचून जितकी झाडं मरतात त्याहून जास्त प्रेमाने मरतात. खालच्या ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर डास होतील आणि पालिकेचा माणूस दारात येईल.

उजेड: खिडकीजवळ, पण पडद्याआडून आलेला. पूर्वेची खिडकी सर्वांत उत्तम. हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नाताळचे दोन-तीन आठवडे काढेल, वर्ष काढणार नाही.

हवा: एसीचा झोत थेट अंगावर नको. एसी हवेतली ओल खेचून घेतो आणि या झाडाला दमटपणाच आवडतो. या बाबतीत ते पक्कं मुंबईकर आहे. ज्या खोलीत एसी सतत चालतो तिथे एक दिवसाआड पानांवर पाणी शिंपडा.

खत: डिसेंबर-जानेवारीत काहीही नको. पावसाळ्याच्या तोंडावर मूठभर गांडूळखत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये एकदा. बस्स.

खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर वरच्या मजल्यावरच्यांचं कपड्यांचं पाणी झाडावर पडत नाही ना ते बघा. साबणाच्या पाण्याने पानं राखाडी पडतात. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड उंचावर ठेवा. पानं चघळली तर उलट्या होऊ शकतात.

सजावट किती पेलतं?

अरोकेरियाच्या फांद्या फरसारख्या ताठ नसतात. काचेचे जड गोळे टांगले तर फांदी वाकते आणि महिनाभर वाकलेली राहिली की तशीच राहते. कागदी चांदण्या, लोकरीचे गोंडे, हलक्या प्लास्टिकच्या घंटा, करवंटीचे तुकडे रंगवून, असं काहीही चालेल. क्रॉफर्ड मार्केटात डिसेंबरभर हलकं सामान ढिगाने मिळतं, उचलून बघून घ्या. दिवे एलईडीचेच. जुन्या बल्बच्या माळा तापतात आणि पानं भाजतात. रात्री झोपताना माळ बंद करा, झाडासाठीही आणि वायरिंगसाठीही.

बर्फाचा स्प्रे आणि चमकी यांची मात्र आम्ही हात जोडून विनंती करतो की नको. पानांची छिद्रं बुजतात, धुऊन निघत नाही. बर्फ हवाच असेल तर कापूस पिंजून फांद्यांवर ठेवा आणि नंतर उचलून घ्या. मुंबईत बर्फ कशाला हवा हा वेगळाच प्रश्न, पण तो गिऱ्हाइकाला विचारायचा नसतो.

खालच्या फांद्या सुकून गळाल्या. पुन्हा फुटतील?

नाही. गेलेला थर परत येत नाही. कारण बहुतेक वेळा पाणी, कमी किंवा जास्त, नाहीतर उजेड. कारण दुरुस्त केलंत की वरचे थर वाचतात.

नाताळनंतर सोसायटीच्या आवारात लावू का?

हेतू चांगला, पण आधी मान वर करून बघा. आपल्या मूळ बेटावर हे झाड ५०-६० मीटरपर्यंत जातं. मुंबईत इतकं होत नसलं तरी चार मजल्यांची इमारत सहज गाठतं. इमारतीच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीला, विजेच्या तारांना लागून लावलंत तर वीस वर्षांनी कुणीतरी तुमचं नाव काढेल. आणि एकदा झाड मोठं झालं की ते तुमचं एकट्याचं राहत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते तुम्हीच लावलेलं का असेना.

मैदानाची मोकळी कड असेल, डोक्यावर तारा नसतील, सोसायटीच्या सभेत ठराव झाला असेल तर जरूर लावा. जूनमध्ये लावा, जानेवारीत नको. पाऊस त्याला मूळ धरून देतो.

भाड्याने देता का?

हो, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आम्ही हेच आधी सुचवतो. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून (तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो) ६ जानेवारीनंतरच्या रविवारपर्यंत झाड तुमच्याकडे, उरलेलं वर्ष आमच्याकडे. अनामत घेतो, झाड जिवंत परत आलं की पूर्ण परत देतो. जिवंत म्हणजे सजावटीचा दोरा एखाद्या फांदीत अडकलेला असला तरी चालेल. कुंडीवर नंबर असतो, तेच झाड पुढच्या वर्षी हवं असेल तर सप्टेंबरात कळवा. बोरिवलीच्या एका घरात मुलीच्या पहिल्या नाताळापासून एकच झाड जातं. आता झाड पुढे आहे, पण मुलगी काही हार मानत नाही, टाचा उंचावून मोजते.

प्लास्टिकचं झाड घेणं सोपं नाही का?

सोपं आहे. तुमच्याकडे आधीच असेल तर ते फेकून आमचं घेऊ नका. पंधरा वर्षं माळ्यावरून उतरवून वापरा, काही बिघडत नाही. दरवर्षी नवं प्लास्टिकचं झाड घेऊन दरवर्षी टाकणाऱ्यांबद्दल मात्र काकीचं मत छापण्यासारखं नाही.

झाड कधी लावायचं आणि कधी उतरवायचं?

घराची रीत असेल तसं. ही मूळची जर्मन घरांतली पद्धत. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि इंग्रजी घरांत ती रूढ झाली, तिथून साहेबाबरोबर इकडे. आमच्या गावात अजूनही झाडापेक्षा गोठ्याला मान जास्त. गल्लीगल्लीत पोरं माती, गवत, नाचणीची उगवलेली रोपं घेऊन गोठा उभारतात, बाळ येशूची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. नाचणी दोन आठवडे आधी पेरली तर नेमकी बोटभर उंच येते.

उतरवायचं ६ जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणाला. गोराईचं चर्चच त्या तीन राजांच्या नावाचं आहे, त्यामुळे आमच्याकडे तो गावाचा सण असतो आणि त्याआधी कुणी चांदणीसुद्धा खाली काढत नाही. मुंबईत बरेच जण १ तारखेलाच सगळं गुंडाळतात. झाडाला दोन्ही चालतं.

एवढ्यावर घर चालतं?

नाही. वाडीत पालक, मेथी, मुळा, वांगी होतात, ती रोजचा खर्च काढतात. गणपतीत दूर्वा आणि आंब्याचे टाळ, दिवाळीआधी झेंडू आणि तुळशीची रोपं. तुळशीची सर्वांत चांगली रोपं आमच्या काकीची असतात, असं बोरिवलीच्या बाजारात कुणालाही विचारा. नाताळची झाडं म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदम हातात येणारा पैसा, ज्यातून छप्पर शाकारणी, मुलांची फी आणि पुढच्या वर्षीच्या कुंड्या होतात. एखादं वर्ष पाऊस वाईट गेला तर विक्रीजोगी झाडं कमी, पण ती मेली नसतील तर तीच पुढच्या वर्षी एक थर जास्त घेऊन उभी राहतात. भाजीचं तसं नसतं.

वाडीवर यायचं कसं? घरपोच मिळेल?

बोरिवलीहून गोराई जेट्टीला या आणि फेरीबोटीने खाडी ओलांडा, किंवा मालाडच्या मार्वेहून मनोरीला उतरा. दुचाकीसुद्धा बोटीत चढते. चारचाकी असेल तर भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने वळसा पडतो. शनिवार-रविवारी सकाळी दहाच्या आत या, नंतर समुद्रावर जाणाऱ्यांची गर्दी असते. अडीच फुटांपर्यंतचं झाड बोटीतून मांडीवर घेऊन जाता येतं, अनेक जण नेतात, आणि खाडी पार होईपर्यंत सगळी बोट त्या झाडाचा भाव विचारते.

त्याहून उंच झाडं टेम्पोने पाठवतो. मागवण्याआधी तीन मापं सांगा: लिफ्टची उंची, दाराची उंची आणि जिथे ठेवणार तिथून पंख्याचं अंतर. कुंडीची उंची झाडात धरलेली नसते, ती वेगळी मिळवा.

मुलांना घेऊन आलात तर आनंदच. रांगांमधून पळू द्या, फक्त शेंडे धरून ओढू नका म्हणावं.

२४ डिसेंबरला संध्याकाळी आलो तर मिळेल?

दुपारी चारपर्यंत जे उरलं असेल ते मिळेल. त्या दिवशी रांगेत उरलेली झाडं थोडी विरळ, थोडी कललेली असतात, त्यामुळे भाव खाली येतो आणि काही शहाणी गिऱ्हाइकं मुद्दाम त्याच वेळी येतात. चारला फाटक बंद. घरात फुगे (हा आमचा नाताळचा तळलेला पदार्थ) तळायचे असतात, मिस्साला जायचं असतं, आणि आमचं स्वतःचं झाड दरवर्षी तेव्हाच, सगळ्यांत शेवटी सजतं.